मुख्यार्थाची उपासमार

पाळलेला ॲक्सोलॉटल अन्नाला तोंड लावत नाही, या प्रश्नाची चर्चा साहित्यविषयक लेखनाच्या पानावर कशासाठी, असे विचारले जाईल. आमचे उत्तर असे, की हा प्रश्न मुळात वाचनाचा आहे आणि तो चुकीचा वाचला जाण्यात आपल्या, म्हणजे साहित्य शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या मंडळींच्या, सवयींचा वाटा मोठा आहे. काचेच्या टाकीच्या तळाशी एक प्राणी निश्चल बसलेला असतो. त्याच्यापुढे गांडूळ धरले तर तो मान वळवतो, किंवा तोंडात घेऊन थुंकून टाकतो. पाळणारा म्हणतो, 'हट्टी आहे.' अधिक हळवा पाळणारा म्हणतो, 'रुसला आहे.' आणि ज्याचे थोडे वाचन झाले आहे तो म्हणतो, 'उदास आहे.' तिघांचीही विधाने प्राण्याच्या स्वभावाविषयी आहेत. टाकीतल्या पाण्याचे तापमान तिघांपैकी एकानेही पाहिलेले नसते.

न खाणारा ॲक्सोलॉटल बहुतेक वेळा आपल्या पाण्याविषयी काही सांगत असतो. ते सांगणे जसेच्या तसे न घेता त्याचा लाक्षणिक अर्थ लावत बसणे ही केवळ रसिकतेतली चूक ठरत नाही, तिच्यापायी एक जीव जातो, असे आमचे प्रतिपादन आहे.

ज्यांचा या प्राण्याशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देणे आवश्यक आहे. ॲक्सोलॉटल, शास्त्रीय नाव ॲम्बिस्टोमा मेक्सिकॅनम, हा सॅलॅमँडरच्या कुळातला उभयचर. बहुतेक सॅलॅमँडर मोठे होताना कल्ले गमावून जमिनीवर येतात; हा मात्र कल्ल्यांसह, डिंभावस्थेतली शरीररचना राखूनच प्रौढ होतो, पाण्यातच प्रजनन करतो आणि आयुष्य पाण्यातच काढतो. त्याचे घर म्हणजे मेक्सिको शहराच्या दक्षिणेचे सोचिमिल्कोचे कालवे. खोऱ्यातल्या जुन्या सरोवरांचा हा उरलेला अवशेष. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. म्हणजे या प्राण्याचा पिंड उंचावरच्या थंड, संथ पाण्यात घडला. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुढचा निम्मा लेख वाचकाला आपोआप कळेल.

नाव नाहुआत्ल भाषेतले आहे. 'आत्ल' म्हणजे पाणी, आणि 'शोलोत्ल' हे एका देवाचे नाव. सोळाव्या शतकात फ्राय बेर्नार्दिनो दे साआगून या धर्मोपदेशकाने नोंदवून ठेवलेल्या कथेत हा देव बळी जाण्यास नकार देऊन पळतो. प्रथम मक्याचे जुळे रोप होतो, मग घायपाताच्या जातीतले मागेचे झाड, आणि शेवटी पाण्यात शिरून ॲक्सोलॉटल होतो. तेथे तो पकडला जातो आणि मारला जातो. नकार देणारा देव आणि नकार देणारा पाळीव प्राणी! एवढे सुबक साम्य हाती आल्यावर कोणत्या समीक्षकाची लेखणी आवरेल? आमचा वाद नेमका या न आवरणाऱ्या लेखणीशी आहे.

लक्षणेचे शास्त्र आपल्याकडे मम्मटापासून स्पष्ट आहे. लक्षणा प्रवृत्त होण्यासाठी तीन गोष्टी लागतात: मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी काही संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. 'गंगेवर गवळीवाडा' म्हटल्यावर प्रवाहावर घरे वसू शकत नाहीत, म्हणून 'गंगेच्या तीरावर' असा अर्थ घ्यावा लागतो. पहिली अट मुख्यार्थबाधाची आहे, हे आपण एम. ए.च्या पहिल्याच वर्षी शिकवतो आणि वर्गाबाहेर पडताच विसरतो. 'ॲक्सोलॉटल खात नाही' या वाक्यात मुख्यार्थाचा कोठे बाध झाला आहे? पाणी २६ अंश सेल्सिअस असेल, त्यात अमोनिया असेल, तोंडापुढचा घास तोंडाहून मोठा असेल, तर हे वाक्य अभिधेनेच पूर्ण होते. मुख्यार्थ तपासून संपण्यापूर्वीच लक्षणेकडे धाव घेणे म्हणजे दाराची कडी न वाजवता भिंत फोडून घरात शिरणे होय.

आता मुख्यार्थ तपासू. या प्राण्याला १६ ते १८ अंश सेल्सिअसच्या आसपासचे पाणी मानवते. २४ अंशांपलीकडे ते त्याच्या जिवावर उठू लागते. गरम पाण्यात शरीराच्या चयापचयाचा वेग वाढतो, त्यामुळे प्राणवायूची गरज वाढते. आणि त्याच वेळी गरम पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. प्राणी दोन्हीकडून कोंडीत सापडतो. अशा अवस्थेत पहिली गोष्ट सुटते ती अन्नावरची वासना. पाठोपाठ कल्ल्यांवर बुरशी धरू शकते. तेव्हा पाळणारा काय करतो? आणखी एका प्रकारचे खाद्य विकत आणतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण याहून चपखल कोठे बसेल, हे आम्हांस ठाऊक नाही.

तापमानानंतर पाण्याची शुद्धता. प्राण्याच्या मलमूत्रातून आणि कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया तयार होतो. जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. शेवटचा पदार्थ बराच कमी घातक असतो आणि नियमित पाणी बदलून आटोक्यात ठेवता येतो. पण हे जीवाणू टाकीत वसण्यास अनेक आठवडे लागतात. दुकानातून टाकी आणि प्राणी एकाच दिवशी घरी आणणाऱ्याच्या टाकीत ते नसतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य असले पाहिजेत. त्यांपैकी काहीही असले तर प्राण्याची त्वचा आणि कल्ले पोळत राहतात. आणि येथे मायेचाच घात होतो. प्राणी खात नाही म्हणून कळवळलेला पाळणारा 'रात्री भूक लागली तर खाईल' म्हणत टाकीत अन्न ठेवून देतो. ते रात्रभर कुजते, अमोनिया वाढतो, आणि दुसऱ्या दिवशी उरलीसुरली भूकही मरते. तिसऱ्या दिवशी दुप्पट अन्न पडते. न खाल्लेले अन्न पंधरा-वीस मिनिटांत काढून टाकणे हा येथे मायेचा खरा आचार आहे, पण तो दिसायला निष्ठुर दिसतो.

फिल्टरचा झोत जोराचा असेल तर संथ पाण्यातला हा प्राणी त्रासतो. त्याचे कल्ले पुढच्या बाजूला वळलेले दिसतात. त्याला पापण्या नाहीत. डोक्यावर लखलखीत दिवा असेल तर तो मिटायचे म्हटले तरी डोळे मिटू शकत नाही. लपायला जागा नसेल तर तो अस्वस्थ राहतो. टाकीच्या तळाशी बारीक खडी असेल तर अन्नाबरोबर तीही पोटात जाते आणि आतडे तुंबते. मग खाणे बंद होणे हा आजाराचा भाग असतो. नव्या घरी आलेला प्राणी पहिले काही दिवस खात नाही यातही नवल नाही. या कारणांपैकी एकाही कारणाला 'हट्ट' हे नाव देता येत नाही.

हे सर्व ठीक असेल, तरच अन्नाचा विचार करावा. ॲक्सोलॉटलची दृष्टी मंद असते. त्याला भक्ष्य कळते ते वासाने, हालचालीने आणि पाण्यातला कंप टिपणाऱ्या अंगावरच्या इंद्रियांनी. तो चावत नाही. तोंड एकदम उघडतो, पाणी आत खेचले जाते आणि त्याबरोबर घासही. त्याचे दात बारीक असतात, ते घास धरण्यापुरते; तोडण्या-चावण्यासाठी ते नाहीत. म्हणून घास त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून जाड नसावा. मोठे गांडूळ कापून तुकडे करावेत. बोथट टोकाच्या चिमट्यात धरून तुकडा तोंडाजवळ, थोडा बाजूला, सावकाश हलवावा. दिवा मंद करावा, वेळ संध्याकाळची निवडावी, कारण हा प्राणी अंधारात अधिक वावरतो. एक-दोन प्रयत्नांत घेतला नाही तर थांबावे आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. पिल्लांना रोज अन्न लागते आणि हलणारे जिवंत भक्ष्य लागते; प्रौढाला आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरते. निरोगी प्रौढ आठवडाभर न खाता राहिला तर आकाश कोसळत नाही. मात्र उपास लांबला, अंग रोडावले, पोट फुगले किंवा प्राणी नाइलाजाने तरंगू लागला, तर पशुवैद्याकडे जावे. तोंड उघडून बळजबरीने भरवणे हा घरगुती प्रयोग कधीही करू नये.

महाराष्ट्रातल्या पाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपल्याकडे गांडूळ सहज मिळते ते गांडूळखताच्या वाफ्यातून, आणि त्यांत आयसेनिया फेटिडा ही तांबडी, पट्टेदार जात सर्रास असते. ती डिवचली गेली की अंगातून उग्र वासाचा पिवळसर द्रव सोडते. अनेक ॲक्सोलॉटल ते तोंडात घेतात आणि लगेच थुंकतात. पाहणाऱ्याला वाटते, 'खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी' असा याचा बाणा आहे. वस्तुतः ज्याच्या तोंडात कडू द्रव गेला त्याने घास थुंकला, एवढीच ती घटना आहे. दुकानांत जिवंत मिळणारे ट्यूबिफेक्स हे पर्यायी खाद्यही बेभरवशाचे. हे किडे घाण पाण्याच्या गाळात वाढतात आणि त्यांच्याबरोबर टाकीत रोग येऊ शकतो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. काही ॲक्सोलॉटल स्वच्छ, थंड पाण्यातही गांडूळ नाकारतात आणि गोळ्यांचे खाद्य आनंदाने खातात. मग आवडनिवड नाही असे कसे म्हणावे? आम्ही तसे म्हणत नाही. लहानपणापासून गोळ्यांवर वाढलेल्या प्राण्याला गांडूळ हे अन्न आहे हेच ठाऊक नसते. त्याला ती सवय हळूहळू लावावी लागते. पण सवय हीसुद्धा परिस्थितीचीच निर्मिती असते, आणि ती कोणी लावली हे विचारता येते. 'हट्ट' हा शब्द ते विचारूच देत नाही. तो सगळा दोष प्राण्याच्या अंगी चिकटवून पाळणाऱ्याला मोकळे करतो.

आता साहित्याकडे वळू. हुलिओ कोर्तासारची 'ॲक्सोलॉटल' ही कथा १९५६ च्या 'फिनाल देल हुएगो' या संग्रहात आहे. आपल्यापैकी अनेकांनी ती पॉल ब्लॅकबर्न यांच्या इंग्रजी भाषांतरातून वाचली. पॅरिसच्या जार्दँ दे प्लाँतमधल्या मत्स्यालयात एक माणूस रोज या प्राण्यांकडे पाहत राहतो आणि अखेरीस त्यांच्यातलाच एक होऊन काचेच्या आत उरतो. कथा थोर आहे याविषयी आमचा वाद नाही. पण तिच्यावरची आपल्याकडची चर्चा आठवून पाहावी: परात्मता, आत्म आणि पर, वसाहतीच्या इतिहासाची सावली, पाहणे आणि पाहिले जाणे. कथेतल्या निवेदकाला ग्रंथालयातल्या शब्दकोशातून कळते की हा प्राणी माणसाला खाता येतो. तो प्राणी स्वतः काय खातो, हा प्रश्न कोणत्याही चर्चेत आमच्या कानी पडलेला नाही. रोहेर बार्त्रा यांनी १९८७ च्या 'ला हाउला दे ला मेलांकोलिआ' या ग्रंथात ॲक्सोलॉटलला मेक्सिकन अस्मितेचे रूपक केले. तेथे निदान रूपक बनवणाऱ्या बुद्धिवंतांचीच झडती घेण्याचा उपरोध आहे. आपल्याकडे पोहोचते ते फक्त रूपक, झडती मागेच राहते.

यावर कोणी म्हणेल की साहित्याने प्राणिशास्त्र का सांभाळावे? कवीने चकोर पाळला होता काय? प्रश्न चतुर आहे, पण गैरलागू आहे. चांदणे पिणारा चकोर कोणाच्याही पिंजऱ्यात नव्हता, त्यामुळे काव्यातल्या संकेतावाचून त्याची उपासमार झाली नाही. ॲक्सोलॉटल आज घरोघरच्या टाक्यांत आहे. २०२१ साली तो माइनक्राफ्ट या खेळात आला. त्याच वर्षी मेक्सिकोच्या ५० पेसोंच्या नोटेवर सोचिमिल्कोच्या पार्श्वभूमीवर त्याचे चित्र आले. त्याच्या तोंडाची ठेवण अशी आहे की तो सदैव हसतो आहे असे वाटते, आणि या नसलेल्या हसण्यावर बाजार उभा राहिला आहे. बाजाराला तो 'हसरा' हवा, समीक्षेला तो 'विषण्ण' हवा. दोघांनीही त्याच्या चेहऱ्यावर आपापला भाव चितारला आणि दोघांनीही पाणी मोजले नाही. अशा वेळी रूपक निरुपद्रवी उरत नाही. 'बंदिवासाने खिन्न झाला आहे' हे वाक्य ऐकायला सहृदय वाटते, पण ते ऐकून कोणी चिलर चालू करत नाही.

या खिन्नतेच्या वाचनाला इतिहासाचाही पाठिंबा नाही. १८६४ साली ३४ ॲक्सोलॉटल मेक्सिकोहून पॅरिसला आले. त्यांतले काही ओग्युस्त द्युमेरिल या प्राणिशास्त्रज्ञाकडे जार्दँ दे प्लाँतच्या संग्रहालयात गेले आणि पुढच्याच वर्षी तेथे त्यांची वीण झाली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत आणि तेथून पुढे घरांत पसरलेल्या वंशाचा बराचसा भाग त्या प्राण्यांपर्यंत मागे जातो. दीडशेहून अधिक वर्षे, कित्येक पिढ्या, हे प्राणी बंदिवासात खात आले. बंदिवासाचा नैतिक प्रश्न आहेच आणि तो गंभीर आहे. पण उपासाचे कारण म्हणून तो पुढे करणे हे जवळच्या कारणाकडे पाठ फिरवणे आहे. काफ्काच्या १९२२ सालच्या कथेतला उपोषणकलावंत शेवटी कबूल करतो की आपल्याला आवडणारे अन्न सापडलेच नाही. न खाणाऱ्या ॲक्सोलॉटलकडे पाहून ज्याला ही कथा आठवते त्याने ध्यानात घ्यावे, की तो कलावंत प्रेक्षकांपुढे उपास करत होता. या प्राण्याला प्रेक्षक नको आहेत, आणि त्याची तक्रार बहुधा अन्नाविषयीही नाही.

न वाचणारा विद्यार्थी आणि न खाणारा ॲक्सोलॉटल असे एक रूपक येथे आमच्याही दाराशी येऊन उभे आहे. शिक्षकांच्या खोलीत ते हातोहात खपेल. आम्ही त्याला आत घेत नाही. या लेखात तरी ॲक्सोलॉटलने ॲक्सोलॉटलच असावे.

तेव्हा रोखठोक बोलायचे तर असे. ज्याच्या घरात उन्हाळ्यात पाणी २० अंशांच्या खाली ठेवण्याची सोय नाही, त्याने हा प्राणी आणू नये. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४० अंश ओलांडतो. पुण्या-मुंबईचा उन्हाळाही या प्राण्याच्या दृष्टीने भट्टीच आहे. टाकीत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सोडण्याने तापमान दिवसभर वरखाली होत राहते आणि तो झोकाही त्याला बाधतो. सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात या प्राण्याचे नाव आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने सायटिसच्या परिशिष्टांतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीची जबाबदारी टाकली आहे. 'गोंडस दिसतो म्हणून आणला' हे कायद्यापुढेही पुरेसे उत्तर नाही.

मूळ घरी त्याची स्थिती काय आहे हेही विसरू नये. सोचिमिल्कोत १९९८ च्या गणनेत दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल होते. २०१४ मध्ये तो आकडा ३६ वर आला. बाहेरून आणून सोडलेले कार्प आणि तिलापिया मासे, सांडपाणी, वाढते शहर ही कारणे. म्हणजे तेथेही प्राण्याचा स्वभाव बदललेला नव्हता, बदलले होते पाणी. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातले लुइस सांब्रानो आणि त्यांचे सहकारी तेथल्या शेतकऱ्यांबरोबर चिनांपांच्या, म्हणजे पाण्यात रचलेल्या शेतांच्या, कडेचे कालवे गाळणी लावून स्वच्छ आणि परक्या माशांपासून मुक्त राखण्याचे काम करत आले आहेत. बंदिवासात जन्मलेले १८ ॲक्सोलॉटल अशा राखलेल्या पाण्यात आणि शहरातल्या जुन्या खाणीत तयार झालेल्या एका पाणथळीत सोडण्यात आले. त्याचा अहवाल २०२५ साली प्रसिद्ध झाला. सोडलेल्यांपैकी जे पुन्हा हाती लागले त्यांचे वजन वाढलेले होते.

जन्मापासून माणसाच्या हातून खाल्लेल्या त्या प्राण्यांना तेथे भरवायला कोणी नव्हते. चिमटा नव्हता, नाकदुऱ्या काढणारे नव्हते, विषण्णतेवर व्याख्यान देणारे तर नव्हतेच. पाणी योग्य होते, आणि त्यांनी आपले भक्ष्य आपण शोधून खाल्ले. कोर्तासारची कथा पुढच्या वेळी वर्गात वाचायला घेतली तर पहिला तास या माहितीला द्यावा, अशी आमची अध्यापकमित्रांना सूचना आहे. परात्मतेची चर्चा दुसऱ्या तासाला करता येईल. ज्या विद्यार्थ्याच्या घरी टाकी आहे, त्याने मात्र दुसऱ्या तासाला बसण्याआधी घरी जाऊन पाण्याचे तापमान पाहावे.